बंदराच्या फाटकावरची हिरवी बस

१४ जानेवारी, मंगळवार

डॉक्टर म्हणाले, राग आला की कुणाच्या अंगावर जाण्याऐवजी वहीत लिही, रक्तदाब उतरेल. म्हणून ही वही. उतरला नाही तर वही डॉक्टरच्याच डोक्यात घालीन.

सकाळी जकार्ताहून आमच्या साहेबांचा, पाक विबोवोंचा फोन. आधी माझी तब्येत विचारली, मग बायकोची, मग पोरीची. हा जावानी माणूस तब्येत विचारायला लागला की समजावं, आता सुरी निघणार. निघालीच. आमच्या तराकानच्या विमानात शंभरातल्या बेचाळीस खुर्च्या रिकाम्या जातायत. मार्चअखेर त्या वीसवर आल्या नाहीत, तर माकासर ते तराकान बंद. विमान दुसऱ्या मार्गावर, आणि माकासरचं ऑफिस, म्हणजे मी, काउंटरवरच्या पाच मुली, दोन सामानवाले, सगळे घरी.

मी म्हटलं, "पाक, पिवळ्यांनी पंधरा दिवसांत दोनदा भाडं पाडलंय. आपण उतरवलं की तासाभरात तेही उतरवतात. इंधनवाला आता आगाऊ पैसे मागतो. विमानतळवाल्यांनी जागेचं भाडं वाढवलं. मी काय करू, माझं रक्त काढून टाकीत ओतू?"

पिवळे म्हणजे आमच्यासारखीच दुसरी स्वस्त कंपनी. त्यांची विमानं पिवळी, आमची हिरवी, बाकी लक्तरं तीच.

"पिवळ्यांचं मी इथून बघतो," पाक शांतपणे म्हणाले. "ताजुद्दीन, तुमच्या बंदरातून दर पंधरवड्याला एक जहाज दीड हजार माणसं घेऊन सरहद्दीवरच्या नुनुकानला जातं. मलेशियात ताडाच्या मळ्यांवर कामाला जाणारी माणसं. दोन दिवस डेकवर उलट्या करत जातात. आपल्या विमानाने दोन तासांत तराकान, पुढे लाँच. मग ती आपली का नाहीत?"

च्यायला, बरोबर बोलला. दहा वर्षं या धंद्यात आहे आणि वैरी नुसता आकाशात शोधत बसलो.

२२ जानेवारी, बुधवार

बेत ठरला. जहाज सुटायच्या दिवशी सकाळी बंदराच्या फाटकावर आपली हिरवी बस उभी करायची. वर फलक, 'जहाजाच्या भाड्यात विमान'. बसायचं, तासाभरात विमानतळ, दुपारी तराकान. जकार्ताने लगेच होकार दिला.

मारवातीला सांगितलं तर तिच्या हातातला चमचा तसाच राहिला. "फाटकावर? अहो, तिथे दाएंगची माणसं असतात."

असतात तर असतात. माझा थोरला भाऊ दाएंग रेवा बंदरातल्या हमालांचा मुकादम आहे. जहाज धक्क्याला लागलं की त्याचे साठ-सत्तर हमाल लोकांची बोचकी खांद्यावर टाकून जिन्यावरून पळत सुटतात, डेकवर चटई टाकून जागा धरतात, आणि त्यावर पंधरा दिवस जगतात. मी काय त्यांना हमाली करू नका म्हणतोय? धंदा आहे. ज्याचं भाडं कमी त्याचं गिऱ्हाईक.

"त्यांच्या पोटावर पाय देताय तुम्ही," ती म्हणाली. "यात कुणाचा तरी जीव जाईल."

बायका लगेच जिवावरच जातात.

३० जानेवारी, गुरुवार

जिंकलो! पहिल्याच दिवशी एक्केचाळीस माणसं बसली. जहाजाचं तिकीट हातात असलेली चौघं ते फाडून चढली.

दहाच्या सुमारास दाएंग आला. पन्नाशी ओलांडली तरी खांदे अजून रेड्यासारखे. बाप वारला तेव्हा हा बारा वर्षांचा, तेव्हापासून ओझी वाहतोय. त्याच्या हमालीवर मी शिकलो, हे सगळं गाव मला अजून ऐकवतं, जसं काही मी शिकायला मेहनतच घेतली नाही.

हळू आवाजात म्हणाला, "ताजू, गाडी इथून काढ. मासळीबाजारापाशी लाव. तिथे माझं कुणी येणार नाही, मी बघतो."

"रस्ता सरकारचा आहे, दाएंग. बंदर तुझ्या नावावर कधी झालं?"

"हळू बोल. पोरं ऐकतायत."

"ऐकू देत की! मुद्दाम ऐकू देत!" मी त्याच्या छातीवर बोट टेकवून म्हटलं. तो बोटाकडे बघत राहिला, मग वळून गेला. साठ हमालांनी ते पाहिलं.

बस निघाली आणि दगड सुरू झाले. मागची काच फुटली, एका बाईच्या कपाळाला लागलं, एका म्हाताऱ्याचा कान फाटला. रक्त सीटवरून पार पायरीपर्यंत. पाठीमागची एक काच शिल्लक राहिली नाही, पण मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो होतो, तिथे एक खडा नाही. बाजूला पाहिलं तर दाएंग बसच्या पुढच्या दाराला खेटून पळत होता, हात पसरून. वाटलं होतं आता चढून मला ओढणार. पण दम लागला असेल, चौकात थांबला.

विमानतळावर दुसरी लढाई. सात किलोच्या वर सामानाचे पैसे, हे फलकावर लिहिलं नव्हतं. तांदळाची पोती, सुक्या मासळीचे खोके, एकाकडे तर शिवणयंत्र. काउंटरवरच्या इरमाने पैसे मागितले तर एकाने सुक्या मासळीचा खोका उचलून तिच्या तोंडावर हाणला. नाकाचं हाड मोडलं. मी त्या माणसाला सामानाच्या पट्ट्यावर पाडून बुटाने तुडवला, तेव्हा कुठे बाकीच्यांनी पाकिटं काढली. विमान वेळेवर सुटलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

रात्रीत कुणीतरी बसचे चारही टायर फाडले. ड्रायव्हरला पेट्रोलपंपावर गाठून मारला, त्याचे पुढचे दोन दात गेले. आता तो दुप्पट पगार मागतोय.

दुपारी दाएंग घरी आला. मारवातीने मासा भाजला. तिघं जेवलो. माझी सात वर्षांची निस्मा त्याच्या मांडीवर चढून बसली, काट्याबिट्याचं भान नाही.

जेवण झाल्यावर म्हणाला, "पोरांना मी किती दिवस धरू? एक तोड आहे. तुझ्या बसमध्ये बसणाऱ्यांचं ओझं फाटकापासून बसपर्यंत माझी माणसं आणतील, तिकडे विमानतळावर उतरवतील. बोचक्यामागे ठरलेली मजुरी. तुझी बस चालेल, त्यांची चूल पेटेल. मग दगड मारणाऱ्याचा हात मी स्वतः तोडतो."

खरं सांगायचं तर तोड चांगली होती. मी हो म्हटलं. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "मग मी पोरांना शब्द देतो हं, ताजू. माझ्या नावावर देतो."

"दे की," मी म्हटलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

पाक विबोवोंनी आधी तब्येत विचारली. मग म्हणाले, हमालबिमाल चालणार नाहीत. एका तिकिटामागे आपल्या हातात राहतं तेवढी ती मजुरी होते. आणि पिवळ्यांनी कालपासून आणखी भाडं पाडलंय.

दाएंगला सांगायला हवं. आज जमलं नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आजही नाही जमलं. उद्या तिथेच सांगेन. तो काय लहान आहे का, समजून घेईल.

१३ फेब्रुवारी, गुरुवार



सकाळी बस घेऊन गेलो तर दाएंगने हमालांना रांगेत उभं केलेलं. सगळ्यांच्या अंगात धुतलेली नंबराची जाकिटं. काही जणांनी चक्क केस विंचरले होते. जहाजाचे शेकडो उतारू आजूबाजूला. दाएंग हसत पुढे आला, "घे रे बाबा, तुझी फौज."

मी सांगितलं. जकार्ता नाही म्हणतंय.

"काय नाही म्हणतंय?"

"मजुरी नाही. तुमचं काम नाही. बाजूला व्हा, माणसं चढू द्या."

तो पुटपुटला, "मी शब्द दिलाय यांना, ताजू. इथे नको. आत चल, आपण बोलू." त्याने माझा दंड धरला. आणि माझं डोकं फिरलं. एवढ्या लोकांसमोर हा मला पोरासारखा ओढतोय! मी हात झटकला आणि ओरडलो, "तू शब्द दिलास, तू निस्तर! हमालांच्या शब्दावर विमानं उडत नाहीत!"

मग काय झालं ते तुकड्यातुकड्यांतच आठवतंय. ड्रायव्हरला खिडकीतून बाहेर खेचला. पोती ओढायचे लोखंडी आकडे निघाले. एकाने टायर चिरला, एकाने आमच्या सामानवाल्याच्या मांडीत आकडा घुसवून ओढला, मांस बाहेर आलं. बायका किंचाळत पोरं घेऊन पळत होत्या. मी पायरीखालची टामी घेतली. जो जवळ आला त्याला हाणला. एकाच्या मनगटाचा आवाज ऐकला, वाळकी फांदी मोडावी तसा. मग माझ्यासमोर एक भली रुंद पाठ आली, बसच्या दाराशी, माझ्याकडे पाठ करून, हात आडवे पसरून. मला वाटलं दार अडवतायत, मला कोंडणार. मी दोन्ही हातांनी टामी घातली. खांद्यावर. दोनदा.

तो दाएंग होता.

तो पडला तेव्हा सगळे थांबले. त्याचा खांदा भलत्याच जागी लोंबत होता. तो ओरडला नाही, फक्त माझ्याकडे मान वळवून म्हणाला, "जा. निघ आता."

मी निघालो. बस तीन टायरांवर चौकापर्यंत नेली.

पण दार अडवायची काय गरज होती त्याला?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

खांद्याचं हाड तीन ठिकाणी मोडलंय. डॉक्टर म्हणतात, उजव्या खांद्यावर आता कधी ओझं घेता येणार नाही.

आणि त्याने पोलिसांना काय सांगितलं? जहाजाच्या जिन्यावरून घसरलो! शेकडो माणसांनी पाहिलेलं, तरी तोंड वर करून, घसरलो. धाकट्या भावाने झोडपलं हे सांगायची लाज वाटत असणार. मला तर हायसं वाटलं. तक्रार नाही, कोर्टकचेरी नाही.

मारवाती म्हणाली, "पोलीस सोडा हो. तुमच्या वहिनीच्या भावाचं काय करायचं?"

"सालेहचं? तो काय करणार?"

ती म्हणाली, "तुम्ही याच गावात जन्मलात ना?"

२० फेब्रुवारी, गुरुवार

सालेह आमच्या घरासमोरच्या कोतोच्या टपरीवर येऊन बसतो. सकाळी आठला येतो, बाकावर बसतो, एक वाटी कोतो, म्हणजे मटणाचा रस्सा, घेतो आणि सबंध दिवस आमच्या दाराकडे बघत राहतो. गरम होत असून अंगात जाकीट. आधी कळेना, मग आज लख्खकन उमगलं. पिवळ्यांनी ठेवलाय! मी कुणाला भेटतो, कुठल्या एजंटकडे जातो, यावर पाळत. धंद्यात इतक्या खालच्या थराला गेलेत.

मारवातीने निस्माला आजोळी पाठवलं. म्हणे, हवापालट. आणि मला मागच्या दाराने जा म्हणते. मी पुढच्याच दाराने जातो, आणि जाताना त्याला मुद्दाम सलाम ठोकतो. तो जागचा हलत नाही. दोनदा उठला होता, पण दोन्ही वेळा दाएंगचा मुलगा कुठूनतरी सायकलवर येऊन त्याच्या कानाला लागला आणि तो परत बसला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पोलीस बंदोबस्तात बस उभी केली. हमाल लांब, धक्क्यापाशी. दाएंग नव्हता. बस भरली, दुसरी फेरी मारली, तीही भरली. विमानात शंभरातल्या एकोणऐंशी खुर्च्या भरल्या! पाक विबोवोंनी तब्येत न विचारता थेट अभिनंदन केलं.

मारवातीला मिठाई आणली, ती घरात नव्हती. हल्ली दर शुक्रवारी मासा घेऊन कुठेतरी जाते, आज तर गुरुवारीच गेली. आली तेव्हा डोळे सुजलेले. "दाएंगना घास भरवावा लागतो," एवढंच बोलली. म्हणजे शत्रूच्या गोटात जाते तर! मी ताट भिरकावलं. तिने तुकडे गोळा केले आणि म्हणाली, "मी कुणासाठी जाते ते तुम्हाला कळायचं नाही."

५ मार्च, बुधवार

पिवळ्यांनी भाडं जहाजाच्याही खाली आणलं, वर पंधरा किलो सामान फुकट. आणि जकार्तात कुणी कोळशाच्या खाणीवाला तिसरी कंपनी काढतोय म्हणे, पहिला मार्ग तराकान. आयला, या एका शहरात असं सोनं पुरलंय तरी काय?

१३ मार्च, गुरुवार

लिहायला सुद्धा लाज वाटते. मी फाटकावर पोहोचलो तर माझ्या जागी पिवळी बस! त्यांचा मॅनेजर, तो मानादोचा गुळगुळीत तोंडाचा रोनी, फलक लावून उभा. माझीच कल्पना, माझंच फाटक, आणि मजा म्हणजे ओझी चढवायला हमाल! दाएंगने सांगितलेली तोड त्याने जशीच्या तशी उचलली होती. एक दगड नाही, एक शिवी नाही.

मागच्या खेपेला माझ्या बसमध्ये बसून गेलेला एक जण, ज्याच्यासाठी मी डोकी फोडली, तो माझ्यासमोरून पिवळ्या बसमध्ये चढला. मी म्हटलं, "काय हो काका?" तर म्हणाला, "अरे बाबा, एका जेवणाएवढा फरक पडतो."

मी रोनीला धरला. नाकावर डोकं आपटलं, खाली पाडला, त्याचा टाय हाताला गुंडाळून आवळला. तो निळा पडायला लागला तेव्हा सोडवला हमालांनीच. मला फाटकाबाहेर फेकलं. तोंडात माती गेली. पण गंमत अशी की कुणी एक बुक्की मारली नाही. आकडे सगळ्यांच्या कमरेला होते. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "नको, याच्यावर सालेहचा हक्क आहे."

कसला हक्क, कळलं नाही.

२४ मार्च, सोमवार

"तब्येत कशी आहे, ताजुद्दीन? घरचे?"

मी फोन कानापासून लांब धरला. मार्ग बंद. शुक्रवारचं विमान शेवटचं. विमान भाड्याचं होतं, मालकाने दर वाढवला, जकार्ताने ते परत केलं. तुम्ही शर्थीने लढलात, कंपनी विसरणार नाही. माझा पगार याच महिन्यापर्यंत.

तासाभराने पिवळ्यांचं भाडं दुप्पट झालं.

मी ऑफिसचं टेबल उलटं केलं, काच फोडली, मग खाली बसून रडलो. इरमाने पाणी आणून दिलं. तिचं नाक अजून वाकडंच आहे.

२७ मार्च, गुरुवार

काल मारवाती म्हणाली, "उद्या दहा वाजता बंदरावर जायचं. जहाजाचा दिवस आहे, सगळे असतील. दाएंगनी बोलावलंय. हातात काही घ्यायचं नाही. आणि काहीही झालं तरी हात उचलायचा नाही. निस्माची शपथ घ्या." मला वाटलं, माफी मागणार असेल, किंवा हमालांच्या कचेरीत कारकुनाची जागा देणार असेल. घेतली शपथ.

गेलो. फाटकात गोल करून सगळे हमाल उभे. उतारू, चहावाले, पोलीससुद्धा. सालेह अगदी पुढे, त्याच जाकिटात. मधे दाएंग. उजवा हात गळ्यात बांधलेला, सहा आठवड्यांत निम्मा झालाय. खांदे कुठे गेले कुणास ठाऊक.

मी जवळ गेलो. तो इतका जवळ आला की त्याच्या तोंडाचा तंबाखूचा वास आला. ओठ न हलवता म्हणाला, "दात आवळ, ताजू."

आणि डाव्या हाताने कानफटात मारली.

असली मारली की मी जमिनीवर. उजवी दाढ बाहेर आली, शर्टभर रक्त. उठलो तर पुन्हा मारली. डाव्या हाताने, सगळ्या गावासमोर! कुत्र्याला मारतात तशी! माझे हात शिवशिवत होते, पण निस्माची शपथ. मी गुडघ्यावर तसाच राहिलो.

दाएंग वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "माझी सिरी, माझी गेलेली अब्रू, माझ्या हाताने परत घेतली! फिटलं! आता याच्याकडे कुणाचं काही घेणं नाही. बायकोच्या माहेरचं नाही, हमालांचं नाही. सालेह, ऐकलंस?"

सालेहचा हात जाकिटाच्या आत होता. दाएंग त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. "ऐकलंस का विचारतोय मी."

सालेहने हात बाहेर काढला आणि म्हणाला, "ऐकलं." मग जाकिटाची चेन वरपर्यंत ओढून गर्दीतून निघून गेला. दाएंगच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मारून हात दुखला असणार.

म्हणजे इतके दिवस डाव धरून बसला होता हा! पाठीमागून आलो होतो का मी? लढाईत लागलं, त्याचा असा सूड, चारचौघांत, सख्ख्या भावावर! मी त्याचं तोंड बघणार नाही.

दुपारी घरी आलो तर मारवातीने निस्माला आजोळहून आणलेलं. नवरा रक्तबंबाळ होऊन आलाय आणि ही चुलीपाशी गोड भात ढवळत रडतेय आणि हसतेय. घराची पुढची-मागची दोन्ही दारं सताड उघडी. टपरीवर सालेह नाही. टपरीवाला म्हणाला, मघाशी येऊन सगळे पैसे चुकते करून गेला, आता येणार नाही म्हणाला. साहजिकच आहे, मार्गच बंद झाला तर पिवळे पाळत कुणावर ठेवणार?

संध्याकाळ होत आली. गाल सुजलाय, जेवण जात नाहीये. एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. ज्याला खरंच मारायचंय, तो आधी दात आवळायला कशाला सांगेल?

मी उठून चुलीपाशी गेलो आणि मारवातीला विचारलं, "तो नक्की काय करत होता गं?"

तिने भाताचं भांडं खाली उतरवलं. म्हणाली, "सहा आठवड्यांनी विचारताय?"